स्तोत्र म्हणावं कसं? अडचणीच्या दिवसांत स्तोत्रसंहिता हाती घेणाऱ्यांसाठी

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू होता आणि नेमका तेव्हाच नागपुरातल्या आमच्या सदर भागातल्या घरातल्या कूलरचा पंप जळाला. आईला पक्षाघाताचा झटका येऊन अकरा दिवस झाले होते, दवाखान्यातून घरी आणून दोन. रात्री अडीचला मी बायबल उघडलं आणि सवयीने स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे त्यातल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातलं, तेविसावं स्तोत्र काढलं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." पुढे सरकेना. उणं तर सगळंच होतं. वारा नव्हता, झोप नव्हती, आईच्या उजव्या हातात जीव नव्हता आणि तोंडात शब्द नव्हते. बायबल मिटून मी ओला टॉवेल तिच्या पायांवर टाकला आणि बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळीचे निवृत्त पाळक साहेब भेटायला आले. त्यांना मी हे सांगितलं. वाटलं, समजूत घालतील. ते म्हणाले, "बाई, तुम्ही स्तोत्रच चुकीचं काढलं. तुम्ही अजून तेराव्यात आहात. तेविसावं पुढे आहे." निघताना दारात थांबून म्हणाले, "आणि मनात वाचू नका. मोठ्याने म्हणा. आई झोपली असली तर गच्चीवर जा."

त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून स्तोत्रांशी जे काही जमलं, ते सगळं त्या दोन सूचनांतून निघालं आहे. मी शाळेत गणित शिकवते, धर्मशास्त्र नाही. तरीही रीत सांगता येईल इतका सराव आता झाला आहे.

आधी थोडी तयारी

पुस्तक कोणतं घ्यावं? बायबल सोसायटीचं जुनं मराठी बायबल घरात असेल तर तेच घ्या. "ह्यास्तव", "कोठवर", "मजबरोबर" ही भाषा पहिल्या दिवशी जड वाटते. पण लहानपणापासून कानावर पडलेली असेल तर ती तोंडात लवकर बसते. ज्यांचे कान तसे तयार नाहीत त्यांनी सोप्या मराठीतलं भाषांतर घ्यावं, त्यात कमीपणा नाही. फोनवर वाचणार असाल तर आधी नेट बंद करा.

कॅथलिक वाचकांसाठी एक खुलासा. जुन्या लॅटिन परंपरेच्या प्रतींत नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरलेलं असतं. त्यामुळे तिथून पुढे बराच काळ आकडा एकाने मागे चालतो आणि आपलं तेविसावं तिथे बाविसावं होतं. आकडा जुळला नाही तर मागचं-पुढचं स्तोत्र पाहा. मी इथे हिब्रू क्रमाचे आकडे देते आहे.

स्तोत्राच्या डोक्यावर "मुख्य गवयासाठी" असं काही दिसेल, मध्येच "सेला" दिसेल. "सेला"चा नक्की अर्थ विद्वानांनाही सापडलेला नाही. बहुतेकांच्या मते ती गाण्यातली खूण असावी. मी तिथे एक श्वास थांबते.

वेळ ठरलेली हवी, लांब नसली तरी चालेल. उन्हाळ्यात आमच्याकडे कूलरच्या टाकीत पाणी भरायला बारा मिनिटं लागतात. पाइप धरून उभं राहावंच लागतं. माझं एक स्तोत्र तेवढ्यात होतं.

कोणतं स्तोत्र काढायचं?

डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं आणि जे येईल ते "आजचं वचन" म्हणायचं, ही सवय आपल्या लोकांत फार आहे. माझ्या आजीलाही होती. स्तोत्रांपुरती तरी ती सोडा. डोकं दुखतंय आणि कपाटातून हाताला लागेल ती गोळी घेतली, असं आपण करत नाही.

एकूण दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांत माणसाची जवळपास प्रत्येक अवस्था आहे. आजारपणात ६, ३८, ४१, १०२. झोप लागत नसेल तर ४ आणि ७७. जवळच्या माणसाने दगा दिला असेल तर ५५. त्यातला दुखावलेला माणूस म्हणतो की शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं, पण हा तर माझा सोबती होता. वय झालं, आता आपल्याला कोण विचारतो असं वाटत असेल तर ७१. स्वतःच्या हातून चूक झाली असेल तर ३२, ५१, १३०. बत्तिसाव्यात पाप दडपून ठेवलेला माणूस म्हणतो की उन्हाळ्याने आटावा तसा माझ्यातला ओलावा आटला. हे वाक्य समजायला नागपूरच्या माणसाला टीका-ग्रंथ लागत नाही. मनच विझून गेलं असेल, काहीच वाटत नसेल तर ४२ आणि ४३ एकत्र म्हणा. त्यांत माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" आणि एकदा विचारून त्याचं भागत नाही, दोन्ही स्तोत्रं मिळून तो तीनदा विचारतो.

एक्क्याण्णवावं मात्र जपून. संकटात ते सगळे पाठवतात. तुला काही होणार नाही, देवदूत तुला हातांवर झेलतील, असं त्यात आहे. पण बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, सैतान येशूला मंदिराच्या कळसावर नेऊन "उडी टाक" म्हणतो, तेव्हा तो नेमक्या याच ओळींचा आधार देतो. ते स्तोत्र जरूर म्हणा, पण हमीपत्र समजून नको.

मोठ्याने, आणि अर्ध्या-अर्ध्यात

हिब्रू कवितेत यमक जुळवण्यापेक्षा अर्थ जुळवण्यावर भर असतो. पहिल्या अर्ध्यात एक गोष्ट सांगायची, दुसऱ्या अर्ध्यात तीच थोडी वळवून, थोडी पुढे नेऊन पुन्हा सांगायची. जुन्या मराठी बायबलात दोन अर्ध्यांच्या मध्ये बहुतेक ठिकाणी अर्धविराम दिसतो. तिथे थांबा, पूर्ण एक श्वास. मग दुसरा अर्धा. जात्यावरच्या ओवीत बायका पहिली ओळ म्हणून दाणे टाकायला थांबायच्या, तशी ही थांबण्याची जागा आहे.

घाई केलीत तर सहा वचनांचं स्तोत्र चाळीस सेकंदांत संपतं आणि काहीच घडत नाही. थांबत म्हटलं तर चार मिनिटं लागतात. सुरुवातीला आपलाच आवाज ऐकून लाज वाटते. आमच्या शेजारचे काका रोज संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना म्हणतात, मोठ्याने, अंगणात बसून. पन्नास वर्षांत त्यांना कोणाची लाज वाटली नाही. मी गच्चीवर तेरावं स्तोत्र म्हणताना ते खालून ऐकत होते हे मला फार नंतर कळलं. "काहून थांबल्या होत्या हो मध्येच?" असं विचारलं त्यांनी.

चाल येत असेल तर गाच. ही मुळात गाणीच आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेण्याआधी काही काळ नागपुरात होते. इथून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका परक्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पुढे मराठी चर्चमध्ये अभंगाची आणि भजनाची चाल रुजली त्यात त्यांचा वाटा मोठा. स्तोत्र अभंगाच्या लयीत म्हटलं तर परकं वाटत नाही. करून पाहा.

तेरावं स्तोत्र, एकेक वचन

सहाच वचनं आहेत. शिकायला याहून चांगलं स्तोत्र नाही, म्हणून इथे सावकाश जाऊ.

पहिल्या दोन वचनांत एकच प्रश्न चार वेळा येतो: कोठवर? देवा, कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी मनातल्या मनात कोठवर झुरू, शत्रू माझ्यावर कोठवर चढून बसणार? लक्षात घ्या, हा माणूस देवाबद्दल तक्रार करत नाही. देवाकडेच करतो आहे. आपण शेजारणीशी, बहिणीशी, डॉक्टरांशी बोलतो, आणि प्रार्थनेला बसलो की एकदम शहाण्यासारखे "हे दयाळू पित्या" सुरू करतो. इथे ते बाजूला ठेवा. वचन म्हणून झालं की वहीत आपले चार "कोठवर" लिहा. माझे असे होते: आई कोठवर नुसती डोळ्यांनी बोलणार? मी शाळेत कोठवर रजा मागणार? भाऊ पुण्याहून कोठवर फक्त फोन करणार? तू कोठवर गप्प बसणार? चौथा लिहायला हात थरथरला, पण स्तोत्रात तो पहिलाच आहे.

तिसऱ्या वचनात मागणी येते. माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझे डोळे उजळ. इथे मोघम मागू नका. "सगळं नीट होऊ दे" ही काही मागणी झाली नाही. "आज रात्री तिला तीन तास सलग झोप लागू दे", ही झाली. एकच मागा आणि तारीख घाला.

चौथ्यात शत्रू येतो. तुमचा शत्रू माणूस असायलाच पाहिजे असं नाही. माझा शत्रू त्या दिवसांत एक वाक्य होतं: "तुझ्याच्याने होणार नाही." स्तोत्र म्हणताना शत्रूच्या जागी मी ते वाक्य ठेवायची.

आणि पाचवं वचन. कसलीही पूर्वसूचना न देता सूर बदलतो: पण मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. सहाव्यात तो गायला लागतो. मधल्या जागेत काय झालं? शत्रू गेला का? काहीच सांगितलेलं नाही. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये पानावर नुसती कोरी जागा आहे.

माझा सल्ला असा की या जागेवरून उडी मारू नका. पाचवं वचन मनापासून म्हणता येत नसेल तर चौथ्यापाशी थांबा, "आज इथवरच" असं देवाला सांगा आणि उठा. उद्या पुन्हा पहिल्यापासून. मला चार रात्री लागल्या. पाचव्या रात्रीही भरवसा वाटत होता असं नाही. पण म्हणता आलं, मैत्रिणीची साडी उसनी नेसून लग्नाला जावं तसं. साडी आपली नसते, लग्नाला आपण खरोखरच गेलेलो असतो.

"पण मी" शोधा

पुढे बायबल अभ्यासाच्या वर्गात पाळक साहेबांनी एक गोष्ट दाखवली, आणि तेव्हापासून माझ्या बायबलात पेन्सिलीच्या खुणाच खुणा झाल्या आहेत. तेराव्या स्तोत्राच्या त्या वळणावर हिब्रूत एक शब्द आहे: वआनी. म्हणजे "पण मी", "आणि मी". मराठीत तो कुठे "मी तर" होतो, कुठे "तरी मी". हाच शब्द एकतिसाव्या स्तोत्रात चौदाव्या वचनाशी आहे: लोक कट करताहेत, पण मी तुझ्यावर भरवसा ठेवतो. पंचावन्नाव्याच्या अगदी शेवटी आहे. बावन्नाव्यात तो म्हणतो, पण मी देवाच्या घरातल्या हिरव्यागार जैतुनासारखा आहे. एकाहत्तराव्यात, पण मी नेहमी आशा धरीन.

जे स्तोत्र म्हणाल त्यात ही जागा शोधा आणि खाली रेघ ओढा. मग "पण"च्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे, ते पाहा. आधीचं बहुतेक वेळा जसंच्या तसं राहिलेलं असतं.

सत्त्याहत्तराव्यात वेगळी कसरत आहे. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. "मी, मला, माझे" जिथे येईल तिथे एक रंग. "तू, तुझे" जिथे येईल तिथे दुसरा. पहिली सहा वचनं जवळजवळ एकाच रंगाची होतात: मी रडलो, मी कण्हलो, मला झोप नाही. मग प्रश्न येतात, देव दया करायला विसरला काय? अकराव्यापासून तो जुन्या गोष्टी आठवायला लागतो आणि शेवटाकडे पान दुसऱ्या रंगाने भरून जातं. एकोणिसावं वचन तर मला पाठच आहे: तुझी वाट समुद्रातून होती, पण तुझी पावलं कोणाला दिसली नाहीत. मदत झाली, पण ठसे उमटले नाहीत. आईच्या आजारपणात मला ठसेच हवे होते, कुठेतरी एखादा स्पष्ट पुरावा. हे वचन वाचून तो हट्ट थोडा सैल झाला.

पतसंस्था आणि त्र्याहत्तरावं स्तोत्र

आता दुसरं दुखणं. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत होते. नाव सांगत नाही. पतसंस्था बुडाली, ठेवीदारांच्या सभा झाल्या, अर्ज झाले, तारखा पडल्या. आईच्या फिजिओथेरपीचे पैसे मी उसने घेत होते त्याच महिन्यात त्या संस्थेचे अध्यक्ष नवी पांढरी गाडी घेऊन आमच्या गल्लीत एका लग्नाला आले. गाडीच्या काचेवर अजून शोरूमचा स्टिकर होता.

आसाफ या गवयाच्या नावावरचं त्र्याहत्तरावं स्तोत्र त्या स्टिकरबद्दलच आहे. दुष्टांचं बरं चाललेलं पाहून मला हेवा वाटला, असं तो सरळ कबूल करतो. त्यांना दुखणी नाहीत, अंग कसं तुकतुकीत, डोळे चरबीने पुढे आलेले. मग तेराव्या वचनात तो म्हणतो की मी माझं मन उगाच स्वच्छ ठेवलं. चर्चमध्ये हे वाक्य कोणी बोललं तर सगळे माना वळवून पाहतील. पण आहे ते पवित्र शास्त्रात.

सोळाव्यात तो म्हणतो, विचार करकरून थकलो, कोडं सुटेना. आणि सतराव्यात: मी देवाच्या पवित्रस्थानात गेलो तोवर.

तिथे गेल्यावर त्याला मोठं काही ज्ञान मिळालं असं वाटत नाही. तो उभा राहण्याची जागा बदलली. आपल्या नागपूरच्या झीरो माइलच्या दगडी खांबावर गावोगावची अंतरं कोरलेली आहेत. ती अंतरं खरी आहेत, पण त्या खांबापासून मोजली म्हणून. कामठीहून मोजली असती तर आकडे वेगळे आले असते. आसाफ सोळा वचनं पांढऱ्या गाडीपासून अंतर मोजत होता. सतराव्यात त्याने मोजायची जागा बदलली.

म्हणून या स्तोत्रासाठी माझी एक रीत आहे, कोणाच्या पुस्तकातली नाही. पहिली सोळा वचनं घरी म्हणा, जिथे त्रास होतो तिथेच. पासबुक समोर ठेवा, हवं तर. मग उठा, चालत किंवा ऑटोने चर्चला जा आणि सतरावं वचन तिथल्या बाकावर बसून सुरू करा. शब्दशः आत जा. उपासनेचा दिवस असायला हवा असं नाही. चर्च बंद असेल तर पायरीवर बसा, मी बसलेली आहे. मधला वीस मिनिटांचा रस्ता हाही प्रार्थनेचाच भाग समजा. गप्प चाला.

या स्तोत्रात "पण मी" चार वेळा येतं. दुसऱ्या वचनात: पण माझे पाय घसरलेच होते. बाविसाव्यात: मी तर मूढ, तुझ्यापुढे नुसता पशू. आणि लगेच तेविसाव्यात: "तरी मी नित्य तुझ्याजवळ आहे, तू माझा उजवा हात धरला आहेस." शेवटी अठ्ठाविसाव्यात, मला तर देवाजवळ असणं हेच बरं. शब्द तोच, माणूस तोच, वाक्याचा शेवट मात्र चारही वेळा निराळा.

उजव्या हाताचं ते वचन मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं ते आईच्या खाटेजवळ, तिचा लुळा उजवा हात तेलाने चोळताना. पुढचं वचन त्या दिवशी झालं नाही.

पैसे, तुम्ही विचाराल म्हणून सांगते, अजून मिळालेले नाहीत.

ज्यात वळण नाही ते स्तोत्र

अठ्ठ्याऐंशीवं अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. हिब्रूत त्याचा अगदी शेवटचा शब्दच अंधार या अर्थाचा आहे. ना भरवशाचं वाक्य, ना स्तुती. हे स्तोत्र संहितेत ठेवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. गाळायला काय हरकत होती?

पण त्यातही तेराव्या वचनात आहे: वआनी. पण मी, हे परमेश्वरा, तुझाच धावा करतो. एवढंच. कधीकधी भरवसा एवढाच शिल्लक असतो, की ओरडायचं तर याच दारावर. तुमची अवस्था अशी असेल तर हे स्तोत्र म्हणा आणि शेवटी आपल्या पदरचं गोड वाक्य जोडू नका. जसं आहे तसं संपू द्या. येशूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राचं पहिलंच वाक्य उच्चारलं, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्याच स्तोत्राचा स्तुतीचा उत्तरार्ध तो जोडत बसला, असं शुभवर्तमानात नाही.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. अंधार दोन-तीन आठवडे हलत नसेल, जेवण-झोप गेली असेल, जगणं नको वाटत असेल तर स्तोत्र म्हणत घरात बसू नका. डॉक्टरकडे जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, फोन करा. प्रार्थना आणि औषध एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. आईची रक्तदाबाची गोळी मी कुठल्या स्तोत्रावर सोडली नव्हती.

शापांचं काय करायचं?

एकशे नववं स्तोत्र वाचून बरेच जण दचकतात. त्याची मुलं अनाथ होवोत, असलं त्यात आहे. काही जण ही वचनं गाळतात. मी गाळत नाही. राग असतोच, तो कुठे न्यायचा एवढाच प्रश्न उरतो. ठेवीदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो रोज जातो आणि रोज वाढून परत येतो. स्तोत्रात तो देवाकडे सोपवला जातो, निकाल त्याने द्यायचा, आणि मला माझ्या हाताने काही करायचं उरत नाही. आठव्या वचनात "त्याचा हुद्दा दुसरा कोणी घेवो" असं आहे. पतसंस्थेच्या अध्यक्षांबाबत हे मी अगदी भक्तिभावाने म्हटलेलं आहे. मुलांबद्दलचं पुढचं वचन मात्र तोंडातून निघेना. त्यांची धाकटी माझ्या शाळेत आहे, लसावि-मसाविमध्ये कच्ची. राग कुठवर खरा आहे आणि कुठे नुसता वाहवत गेला आहे, हे मोठ्याने म्हटल्यावर असं कळतं.

आणि या स्तोत्राच्या चौथ्या वचनात, एवढ्या शापांच्या तोंडाशी, हिब्रूत दोनच शब्द आहेत: वआनी तफिल्ला. पण मी, प्रार्थना. क्रियापदच नाही. भाषांतरकार "मी प्रार्थना करत राहतो" असं काहीतरी करून घेतात. मला ते मूळचंच बरं वाटतं.

रोजचा क्रम

संकटापुरतंच स्तोत्र काढलं तर ती ओळख वरवरची राहते. महिन्याचा क्रम धरा. सोपा हिशेब: आजची तारीख घ्या आणि तिच्यात तीस-तीस मिळवत जा. सात तारखेला ७, ३७, ६७, ९७, १२७. रोज पाच, महिन्यात दीडशे. एकशे एकोणिसाव्याला १७६ वचनं आहेत, ते एकोणतीस तारखेला येतं. त्याला एकतीस तारखेसाठी राखून ठेवा. ज्या महिन्याला एकतीस नाही, त्या महिन्यात सुटलं तरी चालेल. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, प्रार्थनापुस्तकात १५४९ पासून सकाळ-संध्याकाळ वाटून तीस दिवसांत सगळी स्तोत्रं म्हणण्याची रीत आहे. आपल्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० रोजी अनेक चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्या परंपरेतला एक प्रवाह हाच.

पाच झेपत नसतील तर पाचांतलं एक निवडा. क्रमाने गेल्यावर असं होतं की तुम्ही आनंदात असता आणि पुढ्यात अठ्ठ्याऐंशीवं येतं. वगळू नका. ते त्या दिवशी दुसऱ्या कोणासाठी म्हणायचं असतं: वॉर्डाबाहेर सतरंजी टाकून झोपलेल्या एखाद्या अनोळखी बाईसाठी. उलट, तुम्ही रडत असता आणि एकशे पन्नासावं झांजा वाजवायला सांगतं. तेव्हा दुसरं कोणीतरी तुमच्या वाट्याच्या झांजा वाजवत असतं.

एकशे वीस ते एकशे चौतीस ही पंधरा आरोहणस्तोत्रं छोटी आहेत, यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची. मेट्रोने जाता-येता होतात. त्यांतल्या एकशे एकविसाव्यात तो डोंगरांकडे पाहून विचारतो की मला साहाय्य कोठून येईल. आमच्या सेमिनरी हिल्सला डोंगर म्हटलं तर नाशिकवाले हसतील, पण सहावं वचन आमच्यासाठीच लिहिलेलं आहे: "दिवसा सूर्याची व रात्री चंद्राची बाधा तुला होणार नाही." मे महिन्यात दुपारी दोनला सीताबर्डीत उतरून हे म्हणायचं म्हणजे भरवशाचीच परीक्षा. मी म्हणते, आणि डोक्याला स्कार्फही बांधते.

वहीत समासात तारीख आणि दोन शब्द लिहा, जास्त नको. माझ्या वहीत तेराव्यापुढे अकरा तारखा आहेत.

पाठ करा, आत्ताच

शेवटचं काम, आणि हे पुढे ढकलू नका. एकशे सतरावं दोनच वचनांचं आहे, एकशे एकतिसावं तीन वचनांचं. त्यांपासून सुरू करा. मग एकशे एकविसावं, मग तेविसावं. रोज एक अर्धं वचन, भाजी निवडताना, आदल्या दिवशीच्या अर्ध्याला जोडून.

झटक्यानंतर आईला शब्द सुचत नव्हते. पाणी मागायचं तर "ते… ते" म्हणून रडायची. स्पीच थेरपिस्टने सांगितलं की लहानपणी पाठ केलेलं काही असेल तर म्हणून पाहा: पाढे, गाणी, प्रार्थना. बोलणं गेलं तरी पाठ असलेलं कधीकधी शाबूत राहतं. मी पाढे आधी घेतले, गणिताच्या बाईच ना शेवटी. ते नाही आले. मग म्हटलं, "परमेश्वर माझा…"

"मेंढपाळ," आई म्हणाली.

मग कितीतरी दिवस हाच क्रम चालला. मी अर्धं म्हणायची, ती शेवटचा शब्द द्यायची. तेविसाव्यात पहिली तीन वचनं देवाबद्दल आहेत: तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्यात, मृत्युच्छायेच्या दरीत शिरल्यावर, "तो" जाऊन "तू" येतो. हे मला माहीत नव्हतं, आईमुळे दिसलं. कारण "तो"च्या ओळींत ती माझी वाट पाहायची, आणि दरीपाशी आल्यावर मी शब्द देऊ लागले की डावा हात वर करून मला थांबवायची. तोंड हलायचं, घाम यायचा, आणि मग एकदम, अर्धवट, पण स्वतःहून, "तू… मज… मजबरोबर."

आता संध्याकाळी मी कूलरमध्ये पाइप धरून उभी राहिले की आतून तीच सुरू करते. पंप नवा आहे, आवाज फार करतो. त्यामुळे पहिला अर्धा मला नीट ऐकू येत नाही. दुसरा अर्धा मी म्हणते.